पदवीनंतरचे काम : पाय बीटा फायच्या माजी विद्यार्थिनी

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मॉनमथ नावाचे लहानसे गाव आहे. २८ एप्रिल १८६७ रोजी मॉनमथ महाविद्यालयाच्या बारा विद्यार्थिनींनी तेथील जेकब होल्ट यांच्या घरात आपली संघटना स्थापन केली. १८८८ पासून ती ‘पाय बीटा फाय’ या ग्रीक अक्षरांच्या नावाने ओळखली जाते. सोरॉरिटी, म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थिनींची अशी संघटना, म्हटले की विद्यार्थिनींच्या मेजवान्या आणि समारंभ डोळ्यांसमोर येतात, आणि ते सर्वस्वी चूकही नाही. मात्र या संघटनेच्या सामाजिक कामाचा मोठा भार पदवी घेऊन संसारात वा नोकरीत गुंतलेल्या आणि गावोगावच्या माजी विद्यार्थिनी मंडळांतून पुन्हा एकत्र आलेल्या स्त्रियांनी उचलला.

अमेरिकन स्त्रियांच्या संस्था झपाट्याने वाढत होत्या, तो हा काळ. १८८६ ते १८८८ या वर्षांत तेथे प्रवास करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी आपल्या प्रवासवृत्तात त्यांची आवर्जून दखल घेतली. रमाबाईंच्या नियोजित कार्याला मदत करण्यासाठी तेथे ‘रमाबाई मंडळे’ निघाली. त्यांतील पहिले मंडळ कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थिनींचे होते.

पाय बीटा फायने १९१० च्या अधिवेशनात डोंगराळ भागात शाळा काढण्याचे ठरवले आणि १९१२ मध्ये टेनेसी राज्यातील गॅटलिनबर्ग येथे ती सुरू झाली. आज पर्यटकांनी गजबजलेले हे गाव तेव्हा स्मोकी पर्वतातील आडवळणाची वस्ती होते. बाहेरून आलेल्या या शिकलेल्या बायकांचा हेतू काय, याविषयी गावकऱ्यांना आरंभी शंका होती, आणि ती स्वाभाविकच म्हटली पाहिजे. शाळेपाठोपाठ परिचारिका आली, आरोग्यकेंद्र आले. डोंगरातील बायकांच्या हातात विणकामाची कला पूर्वीपासून होती. ती मागे पडत चालली होती, कारण मालाला गिऱ्हाईक नव्हते. १९२६ मध्ये ‘ॲरोक्राफ्ट’ हे विक्रीकेंद्र निघाले. बायकांनी घरच्या मागावर विणावे आणि दूरदूरच्या शहरांतील माजी विद्यार्थिनी मंडळांनी आपल्या सभांत, प्रदर्शनांत तो माल खपवावा, अशी ही व्यवस्था होती. एरवी चहापानापुरती भरली असती अशी मंडळाची बैठक त्यामुळे डोंगरातील एखाद्या घरात रोख पैसा पोहोचवू लागली. माझ्या मते या साऱ्या प्रकल्पातील सर्वांत शहाणपणाचा भाग हाच, कारण येथे देणारा आणि घेणारा दोघेही व्यवहारात बरोबरीने उभे होते.

१९३४ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, पर्यटन वाढले आणि शाळांची जबाबदारी हळूहळू स्थानिक शासनाकडे गेली. हस्तकलेच्या परंपरेतून ‘ॲरोमॉन्ट’ ही कलाशाळा उभी राहिली आणि २०१४ मध्ये तिने आपली जागा संघटनेकडून विकत घेतली.

काम संपले म्हणून मंडळे बंद पडली नाहीत. १९९० पासून संघटनेने साक्षरतेकडे विशेष लक्ष वळवले. ‘चॅम्पियन्स आर रीडर्स’ या कार्यक्रमात स्वयंसेविका प्राथमिक शाळांत जाऊन मुलांबरोबर वाचन करतात. मूल साधारण तिसरीपर्यंत वाचायला शिकते आणि त्यानंतर इतर विषय शिकण्यासाठी त्याला वाचावे लागते. या टप्प्यावर जे अडखळते, त्याला पुढे गणिताचे शाब्दिक उदाहरणही अवघड जाते. शिक्षकांची कमतरता स्वयंसेविका भरून काढू शकत नाहीत. वर्गात तीस मुले असताना शिक्षकाला जे जमत नाही, ते मात्र त्यांना जमते : एका मुलाशेजारी बसून, त्याला शब्द लागेपर्यंत घाई न करता थांबणे.

अमेरिकेत देशभर वाचनाचा दिवस म्हणून पाळला जाणारा २ मार्च हा या संघटनेचाही सेवादिन आहे. त्या दिवशी छायाचित्रे भरपूर निघतात. खरे काम उरलेल्या आठवड्यांत चालते. त्यासाठी मंडळाला कोणी कोणत्या शाळेत जायचे, पुस्तकांसाठी निधी कसा उभारायचा आणि ऐनवेळी कोणी आले नाही तर त्या जागी कोणाला पाठवायचे, हे बैठकीत बसून ठरवावे लागते. ‘फर्स्ट बुक’ या संस्थेच्या सहकार्याने गरजू मुलांना नवी पुस्तकेही दिली जातात. ग्रंथालयाचे पुस्तक मुदत संपली की परत करावे लागते. हे पुस्तक मूल घरी नेते, त्यावर आपले नाव घालते आणि धाकट्या भावंडालाही वाचून दाखवते.