लीला डाउन्स नक्की कुठलं गाणं गाते?

नमस्कार मंडळी! आजचं नाव आहे लीला डाउन्स. ऐकून अर्ध्या लोकांना वाटेल पार्ल्याची कोणी लीलाताई असेल, पण नाही, बाई मेक्सिकोच्या, जन्म 1968 चा, वाहाका राज्यात डोंगरात त्लाहियाको नावाचं गाव आहे तिथला. हिच्याबद्दल कुठेही वाचायला गेलात ना, की तेच वाक्य पुढे येतं, फोक, जॅझ आणि लॅटिनचं फ्यूजन. मला या वाक्याचा जाम कंटाळा आलाय, कारण फ्यूजन म्हटलं की सतारीमागे ड्रमसेट लावला आणि झालं काम, असंच काहीतरी डोक्यात येतं. माझं म्हणणं असं की ही ज्याला फोक म्हणून गाते तेच मुळात चार ठिकाणांहून आलेलं आहे, आणि ती ते लपवत नाही, उलट उघडं करून दाखवते. कसं ते सांगतो.

आधी घरचं थोडक्यात. आई अनास्तासिया सांचेझ, मिश्टेक आदिवासी. नको असलेलं लग्न ठरवलं म्हणून पंधराव्या वर्षी घरातून पळाली आणि मेक्सिको सिटीतल्या बारमध्ये गायला लागली. बाप अॅलन डाउन्स, अमेरिकेतल्या मिनेसोटाचा प्राध्यापक, फिल्मवाला माणूस, त्याने तिला तिथेच गाताना ऐकलं. म्हणजे लीलाचं बालपण अर्धं वाहाकात आणि अर्धं मिनेसोटाच्या बर्फात. सोळाची असताना वडील गेले. पुढे मिनेसोटा युनिव्हर्सिटीत ऑपेराचं गाणं आणि मानववंशशास्त्र दोन्ही शिकली, पण आईकडच्या मुळांची लाज वाटायची हे तिने स्वतः अनेकदा सांगितलंय. केस सोनेरी रंगवले, कॉलेज सोडलं, ग्रेटफुल डेड नावाच्या रॉक बँडच्या मागे गावोगाव फिरली. मग परत येऊन डिग्री पूर्ण केली, आणि विषय कुठला घेतला तर त्रिकी आदिवासी बायकांचं विणकाम! स्टेजवर ती जे भरजरी वीपिल घालते, म्हणजे तिकडचा बायकांचा पारंपरिक सैलसर झगा, ते बघाल तेव्हा लक्षात ठेवा की त्यावरचं प्रत्येक चिन्ह वाचता येणारी बाई आहे ही.

आणि मग ती दुकानाची गोष्ट. त्लाहियाकोत आईचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं, लीला तिथे बसायची. एक दिवस एक मिश्टेक माणूस इंग्रजी कागद घेऊन आला, हे काय लिहिलंय तेवढं वाचून दाखव म्हणाला. तो त्याच्या मुलाच्या मृत्यूचा दाखला होता. मुलगा अमेरिकेत जाताना बॉर्डरवर बुडून मेला होता, आणि हे बापाला सांगायची वेळ हिच्यावर आली, का तर गावात इंग्रजी हिला येत होतं. 2001 चा तिचा अल्बम आहे, त्याचं नावच ‘बॉर्डर’, आणि तो तिने या स्थलांतरित लोकांनाच अर्पण केलाय. त्यात ती वुडी गथ्रीची गाणी घेते. गथ्री म्हणजे अमेरिकन फोकचा बाप माणूस, त्याने शेतमजुरांवर गाणी लिहिली, आणि तीच गाणी एका मिश्टेक आईच्या मुलीच्या तोंडून आली की ‘ही जमीन तुझी’ या ओळीला वेगळीच धार येते, कारण आता त्या शेतात राबणारे लोक तिच्या गावचे आहेत.

आता संगीताकडे. तिच्या भागात चिलेना नावाचा प्रकार आहे. नावातच चिली देश आहे, बरोबर? 1848-49 ला कॅलिफोर्नियात सोनं सापडल्याची बोंब झाली, तेव्हा दक्षिण अमेरिकेतून निघालेली जहाजं मेक्सिकोच्या किनाऱ्याला थांबायची, त्यातल्या खलाशांनी चिलीचा क्वेका हा नाच तिथे सोडला. तिथल्या कोस्टा चिका किनारपट्टीवर आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज राहतात, त्यांनी तो उचलला, आदिवासींनी उचलला, आणि आज तो वाहाकाचा ‘पारंपरिक’ नाच आहे. याचा ठेका आपल्याला पटकन कळतो, कारण सहा मात्रा, आपला दादरा जेवढा तेवढ्याच. फक्त गंमत बघा (टाळ्या वाजवत) एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, हे झालं तीन-तीन. आता त्याच सहा मात्रा एक-दोन, एक-दोन, एक-दोन. चिलेनात हे दोन्ही एकमेकांवर चढतात, गिटार एक मोजते, नाचणारा दुसरं मोजतो. यात जॅझ घुसवायला वेगळं दार लागतच नाही! जॅझवाल्यांना असलं ठेक्याशी लपाछपी खेळणं आवडतंच, त्यामुळे सॅक्सोफोन आत शिरला तरी पाहुणा वाटत नाही. तो सॅक्सोफोन पॉल कोहेनचा, तिचा नवरा आणि अनेक वर्षांचा साथीदार, 2022 च्या डिसेंबरमध्ये गेला. आणि तिचा आवाज, तो तर विचारूच नका, ऑपेराच्या वरच्या सुरातून एकदम खाली, पुरुषी खर्जात उतरते, मधे कुठे पायरी दिसत नाही.

2000 चा ‘आर्बोल दे ला विदा’, म्हणजे जीवनवृक्ष, हा अल्बम माझा सगळ्यात लाडका. मिश्टेक, झापोटेक आणि नावाट्ल या आदिवासी भाषांमधली गाणी. मिश्टेक लोक झाडातून जन्माला आले अशी त्यांची कथा आहे, ती हरणाच्या कातड्यावर चित्रांनी रंगवलेल्या जुन्या पोथीत आहे आणि ती पोथी आज कुठे, तर व्हिएन्नाच्या ग्रंथालयात. असल्या पोथ्यांवरून हिने गाणी केली. वर मिश्टेक ही सुरांची भाषा, उच्चाराचा सूर बदलला की अर्थ बदलतो, म्हणजे चाल लावताना काय कसरत असेल विचार करा.

एक हलकंफुलकंही सांगतो, तिचं मोले नावाच्या मेक्सिकन ग्रेव्हीवर कुंबिया गाणं आहे. कुंबिया म्हणजे नाचाचं संगीत, मूळचं कोलंबियाचं. गाण्यात चक्क वाटायचं सामान येतं, शेंगदाणे, ब्रेड, बदाम, मिरची, चॉकलेट, दालचिनी, मिरे, लवंग. चॉकलेट सोडा, बाकी आपलंच वाटण आहे की हो! मिरची आपल्याकडे आलीच मुळी पोर्तुगीजांच्या हातून त्या बाजूच्या जगातून.

ऑस्करचं राहिलं. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोवरच्या 2002 च्या सिनेमात ती गायली आणि पडद्यावरही दिसली. 2003 च्या ऑस्कर सोहळ्यात ब्राझीलचा गायक काएतानो वेलोसोबरोबर तिने त्याच सिनेमातलं गाणं स्टेजवर म्हटलं, गाण्याला नॉमिनेशन होतं, बक्षीस रॅपर एमिनेमला गेलं. ग्रॅमी 2013 ला मिळालं, लॅटिन ग्रॅमी बरेच.

खरं सांगू, नंतरचे काही अल्बम मला जास्त चकाचक वाटतात, ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, एवढा भरलाय की ती खालच्या पट्टीत काय करते ते ऐकूच येत नाही. म्हणून नवीन असाल तर यूट्यूब जे आधी दाखवेल तिथून सुरू करू नका. आधी ‘ला सांदुंगा’ लावा, सावकाश, वॉल्ट्झच्या चालीत, हेडफोन घालून. मग मोलेवालं. मग ‘बॉर्डर’ आख्खा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता. ऐकून झालं की कुठलं गाणं आवडलं ते खाली टाका, आणि कोणाला तिच्या गाण्यांचे शब्द स्पॅनिशमधून नीट कळत असतील तर प्लीज तेही लिहा, माझी स्पॅनिश अजून मेन्यूकार्ड वाचण्यापुरतीच आहे.