गव्हाळ गालावरची लाली

(पहाट. न्हाणीघर. नळाची बारीक धार.)

सकाळी उठल्यावर ताई आधी दिवा लावत नाहीत. तळहाताची उलटी बाजू गालाला लावून बघतात. गाल गरम लागला तर आजचा दिवस कसा जाणार, ते त्यांना अंधारातच कळतं. मग दिवा. मग आरसा.

आरशात मात्र फारसं काही दिसत नाही. गव्हाळ रंगावर लाली लाल दिसत नाही. तपकिरी, थोडी जांभळट छटा होऊन बसते. उन्हातून आली असेल, दगदग झाली असेल, असं म्हणून बघणारा पुढं जातो. ताईंचं वय ४७. चार वर्षं बघणारे असेच पुढं गेले.

(गालाचा क्लोजअप. बारीक पुटकुळ्या.)

याला रोझेशिया म्हणतात. गाल, नाक, हनुवटी, कपाळाचा मधला भाग, मुख्यतः याच पट्ट्यात मुरलेला त्वचेचा दाह. बहुधा तिशीनंतर सुरू होतो आणि चाळिशी-पन्नाशीत जोर धरतो. वरवर मुरुमच वाटतात, पण मुरुमांत दिसणारी काळी टोकं, ब्लॅकहेड्स, इथं नसतात. जगभरातल्या पाहण्या एकत्र केल्या, तर शंभर प्रौढांत साधारण पाच जणांना हा आजार निघतो. त्याचे छापलेले फोटो मात्र वर्षानुवर्षं गोऱ्या चेहऱ्यांचे. नजर त्या फोटोंवर तयार झाली, की सावळा चेहरा समोर बसला तरी आजार ओळखू येत नाही.

(तपासणीची खोली. हातात काचपट्टी.)

आता या काचपट्टीकडे बघा. साधीच, रक्ताचा थेंब पसरायला वापरतात तसली. डॉक्टर ती ताईंच्या गालावर अलगद दाबतात. काचेखालची त्वचा फिकट पडते. काच उचलली, की रंग कडेनं आत शिरत पुन्हा भरतो.

परत एकदा बघू. फिकट. आणि भरला.

काळपटपणा रंगद्रव्याचा असता, तर काचेखालीही तसाच राहिला असता. हे रक्त आहे, रुंदावलेल्या बारीक वाहिन्यांतलं. चार वर्षं जे कोणाला दिसलं नाही, ते एका काचेच्या तुकड्यानं दाखवलं. हा प्रसंग आम्ही या फिल्ममध्ये लांबवला आहे, आणि मुद्दाम लांबवला आहे.

(टेबलावर मलमांच्या ट्यूब. कॅमेरा एकेका ट्यूबवरून सरकतो.)

या ट्यूब ताईंच्याच ड्रॉवरमधल्या. सात. कोणी सुचवलेली, कोणी आणून दिलेली, कोणी ‘मला गुण आला’ म्हणून अर्धी काढून दिलेली. त्यातल्या चारांवर बारीक अक्षरांत बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल अशी नावं आहेत. ही सगळी स्टिरॉइड. लावलं की रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो आणि आठ दिवसांत चेहरा उजळतो. फसगत इथंच होते. थांबवलं की लाली दुपटीनं उसळते, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब उघडतो. महिनोन्‌महिने लावत राहिलं की त्वचा पातळ होते आणि आधी नव्हत्या त्या वाहिन्याही वर दिसायला लागतात. स्टिरॉइडमुळे रोझेशिया बळावतो. ज्याला तो नव्हता, त्याच्याही चेहऱ्यावर हुबेहूब तसंच चित्र उमटू शकतं.

डॉक्टरांनी ताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं, “हे बंद केलं की काही आठवडे चेहरा आणखी भडकेल. घाबरून परत लावू नका. माझ्याकडे या.” तसंच झालं. त्या आठवड्यांत ताईंनी आम्हाला कॅमेरा आणू दिला नाही.

(संग्रहालयातलं चित्र. म्हातारा आणि नातू.)

हे चित्र पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इटलीच्या डोमेनिको गिर्लांदायोनं ते १४९०च्या सुमारास काढलं. आजोबांचं नाक बघा, गाठीगाठींचं, फुगलेलं. ही रोझेशियाची पुढची पायरी, रायनोफायमा. नाकातल्या तैलग्रंथी वाढून त्वचा जाड होते. पुरुषांत जास्त आढळते. असं नाक दिसलं की लोक माणसाला पिणारा ठरवून मोकळे होतात. थेंबालाही न शिवणाऱ्यांना हे होतं. चित्रातल्या नातवाला त्या नाकाचं काही वाटत नाही. तो आजोबांच्या छातीवर हात ठेवून वर बघतोय.

(सूक्ष्मदर्शकाखाली हलणारा किडा.)

हा डेमोडेक्स. लांबी एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. तो आपल्या जवळपास सगळ्यांच्याच चेहऱ्यावर, केसांच्या मुळाशी राहतो. त्यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही, हे ताईंना दोनदा सांगावं लागलं. रोझेशियात त्यांची संख्या बरीच वाढलेली सापडते. त्याच्या जोडीला त्वचेची स्वतःची पहारेकरी यंत्रणा अतिजागरूक झालेली असते. कॅथेलिसिडिन नावाचं, जंतूंशी लढणारं प्रथिन आपल्या त्वचेत असतंच. २००७ साली संशोधकांनी दाखवलं, की रोझेशियाच्या त्वचेत ते जास्त असतं आणि त्याचे तुकडेही वेगळ्याच तऱ्हेनं पडतात. ते तुकडे दाह पेटवतात, रक्तवाहिन्या फुलवतात. घरात चोर नाही आणि राखणदार रात्रभर काठी आपटतोय, तसं काहीसं.

(पुन्हा न्हाणीघर. ताईंचे हात.)

आता उपचार. त्यातला निम्मा म्हणजे काही न करणं. स्क्रब बंद, वाफ बंद, घासणं बंद. पाणी कोमट. सौम्य, बिनवासाचा फेसवॉश बोटांच्या टोकांनी फिरवायचा, खरखरीत कापडानं नाही. टॉवेल टिपायचा, ओढायचा नाही. ताईंच्या हातांकडे बघा, किती हळू झालेत.

मग रात्रीचं मलम, एक टक्का आयव्हरमेक्टिन. दर ठिपक्यासाठी वाटाण्याएवढं बोटावर घ्यायचं. दोन गाल, नाक, कपाळ, हनुवटी असे पाच ठिपके, मग पातळ पसरायचं, डोळ्यांपासून दूर. काहींना मेट्रोनिडाझोल किंवा अझेलाइक अ‍ॅसिड देतात. पुटकुळ्या जास्त असतील तर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन. ते जंतू मारायला नसतं, दाह उतरवायला असतं. गरोदरपणात चालत नाही, आणि त्यानं त्वचेला ऊन लवकर बाधतं. सकाळी सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. झिंक ऑक्साइडवालं बहुधा कमी चुणचुणतं. ढगाळ दिवशीही लावायचं. ऊन हे रोझेशिया भडकवणारं सगळ्यात मोठं निमित्त.

(वही. तारखा. एका शब्दाखाली दोनदा रेघ.)

बाकीची निमित्तं ज्याची त्यानं शोधायची असतात. ताईंच्या वहीत ऊन आहे, जिना चढणं आहे, रागावणं आहे. मेनोपॉजच्या उंबरठ्यावर अंगातून उठणारे गरम लोट आहेत. लोट पाच मिनिटांत ओसरतो, पण त्यानं चेहऱ्यावर आणलेली लाली तासभर जात नाही. चहाखाली दोन रेघा आहेत आणि पुढं लिहिलंय, ‘चहा नाही, गरम’. गरम पेयांत बऱ्याचदा दोष उष्णतेचा असतो. २०१८च्या एका मोठ्या अभ्यासात, ब्याऐंशी हजारांवर महिलांमध्ये, जास्त कॉफी पिणाऱ्यांत रोझेशिया उलट कमी आढळला. ताई आता कप भरून ठेवतात आणि वाट बघतात.

डोळ्यांतही हा आजार उतरतो. खडा गेल्यासारखं खुपणं, सुजलेल्या पापण्या, वारंवार रांजणवाडी. असं असेल तर नेत्रतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका.

(अल्बम. पानं उलटतात. संगीत.)

घरातले चार वर्षांतले समारंभ. फोटो काढायला कायम ताईच.

(लेझरची खोली. काळे गॉगल. लखकन प्रकाश.)

फुटलेल्या जाळ्यासारख्या दिसणाऱ्या वाहिन्या मलमानं जात नाहीत. त्यांना लेझर लागतो. हा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याचा प्रकाश शोषतं, तापतं आणि वाहिनी मिटते. सावळ्या त्वचेतलं रंगद्रव्यही थोडा प्रकाश शोषून घेतं, त्यामुळे भाजण्याची, डाग पडण्याची भीती जास्त. ताकद कमी ठेवायची, आधी छोट्या जागेवर करून बघायचं. गव्हाळ त्वचेवर हात बसलेल्या डॉक्टरांकडेच हे करून घ्या. विचारायला संकोचू नका.

(दोन फोटो शेजारी शेजारी.)

पहिला दिवस आणि बारावा आठवडा. खुर्ची तीच, दिवा तोच. गालावरच्या पुटकुळ्या गेल्या आहेत. जांभळट छटा उतरली आहे, पूर्ण नाही. नाकाच्या कडेच्या वाहिन्या होत्या तशा आहेत. त्यांच्यासाठी लेझरची तारीख पुढच्या महिन्यातली.

डॉक्टर पुन्हा काचपट्टी घेतात. या वेळी ताई म्हणतात, “मला आरसा द्या. मलाही बघायचंय.”

(काच. फिकट गाल. काच उचलली जाते. आवाज बंद.)