डबा, प्रार्थना आणि पुरोगामीपण

(दृश्य : दसरा चौक, सकाळची वेळ. राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा, भोवती वाहतूक.)

कोल्हापुरात सभा कोणतीही असो, साखर कारखान्याची असो की एखाद्या तालीम मंडळाची, वक्ता पहिल्या चार-पाच वाक्यांतच ‘राजर्षी शाहूंची ही पुरोगामी नगरी’ असे म्हणून घेतो आणि मग त्याला जे बोलायचे असते ते बोलतो. हा शब्द येथे इतका वापरला गेला आहे की तो आता कोणाच्या कानाला टोचत नाही. शहरातील काही खासगी शाळांच्या माहितीपत्रकांवरही तो छापलेला असतो. तेथे मात्र तो टोचतो, कारण त्या शब्दासाठी पालकांनी पैसे मोजलेले असतात, आणि मोजलेल्या पैशांच्या बदल्यात नेमके काय मिळणार यावर त्यांचे एकमत नसते.

अशाच एका शाळेच्या पालकसभेत आम्ही बसलो. चित्रीकरणाला परवानगी देताना शाळेचे आणि कोणाही पालकाचे नाव घ्यायचे नाही, अशी अट होती, ती आम्ही पाळत आहोत.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा. चपलांची रांग, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रे.)

शाळा मराठी माध्यमाची आहे. लहान वर्गांना लेखी परीक्षा नाही, छडी नाही, गृहपाठ जवळपास नाही. शिक्षकांना मुले ताई आणि दादा म्हणतात. हजेरी घेताना आडनाव पुकारले जात नाही. मुलाच्या नावापुढे आईचे आणि वडिलांचे नाव येते आणि तेथेच थांबते. सकाळी प्रार्थनेऐवजी संविधानाची प्रास्ताविका म्हटली जाते. त्यात तसे विशेष काही नाही, कारण २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातील सगळ्याच शाळांना तिचे सामूहिक वाचन करण्यास सांगण्यात आले आहे. या शाळेचे वेगळेपण एवढेच, की प्रास्ताविकेनंतर येथे दुसरे काही म्हटले जात नाही.

अशा शाळांची कल्पना कोल्हापूरला नवी नाही. शिक्षकांना घडवण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालवलेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये याच शहरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले आणि मूल भीतीशिवाय शिकू शकते, हे येथील मध्यमवर्गाला डोळ्यांनी दाखवले. लीलाताई २०२० मध्ये गेल्या. त्यांच्यानंतर ‘आनंददायी शिक्षण’ हे शब्द अनेकांनी उचलले. उचलताना कोणी त्यातील पद्धत घेतली, कोणी मूल्ये घेतली, आणि काहींनी फक्त रंगीत भिंती घेतल्या.

आम्ही पाहिलेल्या सभेतील भांडणाचे मूळ या फरकातच आहे. बहुसंख्य पालक येथे पद्धतीसाठी आलेले आहेत. मुलाला घोकंपट्टी करावी लागू नये, सकाळी शाळेचे नाव काढताच त्याने रडू नये, एवढी त्यांची अपेक्षा होती. त्या पद्धतीसोबत एक विचारही घरी येतो, हे त्यांच्या लक्षात दुसरीत-तिसरीत येते, जेव्हा मूल जेवताना विचारते, की आपल्याकडे अमुक काका स्वयंपाकघरात का येत नाहीत.

(दृश्य : सभागृह. शनिवार, सकाळचे अकरा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या.)

सभेपुढे पहिला विषय पुढील वर्षाच्या शुल्काचा होता. महाराष्ट्रातील शुल्क विनियमनाचा कायदा २०११ चा आहे, आणि त्यानुसार प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असणे बंधनकारक आहे. म्हणजे पालकांना कायद्याने तोंड उघडण्याचा जो एक ठळक हक्क दिला आहे, तो शुल्काच्या बाबतीत आहे. या सभेत तो विषय दहा मिनिटांत संपला. वाढ वाचून दाखवली गेली, एका पालकाने स्कूल बसबद्दल विचारले, आणि मंजुरी झाली.

त्यानंतर ‘आयत्या वेळचे विषय’ सुरू झाले आणि ते अडीच तास चालले.

पहिल्यांदा उठले ते शिरोली औद्योगिक वसाहतीत फौंड्री चालवणारे एक वडील. दसऱ्याला आपल्याकडे पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात, तिची पूजा होते. त्यांच्या घरी तीन पिढ्या हे चालत आले आहे. शाळेत नाताळच्या वेळी झाड सजते, ईदनंतर एखाद्या घरून शीरखुर्मा येतो आणि सगळे आनंदाने खातात. मग आमच्या पाटीवरची सरस्वती तेवढी कर्मकांड कशी, असा त्यांचा प्रश्न होता. आवाज चढलेला नव्हता. प्रश्नही, खरे सांगायचे तर, हलका नव्हता.

उत्तर एका आईने दिले, त्या वकील आहेत. त्यांनी संविधानाच्या अनुच्छेद २८ चा आधार घेतला. हा अनुच्छेद पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई करतो, आणि राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदान दिलेल्या संस्थेत कोणालाही स्वतःच्या, किंवा तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीशिवाय उपासनेला बसायला लावता येणार नाही, असे सांगतो. मात्र विनाअनुदानित खासगी शाळेने स्वखुशीने सरस्वतीपूजन करावे की करू नये, याचे उत्तर या अनुच्छेदात सापडत नाही. संमती नसलेल्या मुलाला बाजूला राहता आले पाहिजे, एवढेच त्यातून निघते. सहा वर्षांच्या मुलाला सगळा वर्ग हात जोडून बसलेला असताना एकट्याने बाजूला बसणे काय असते, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले नसते. त्या वकील आईंनी हा मुद्दा मांडला असता तर त्यांची बाजू अधिक भक्कम झाली असती, असे आम्हाला वाटते.

मग त्या वडिलांनी भिंतीकडे बोट दाखवले. भिंतीवर सावित्रीबाई फुले यांची तसबीर होती, तिला हार होता, आणि ३ जानेवारीला तेथे उदबत्ती लावल्याची काळी रेघ चौकटीच्या वर अजून दिसत होती. ते म्हणाले, “सावित्रीबाईंबद्दल आमच्या मनात आदरच आहे. पण हार घालून, उदबत्ती लावून, मुलांना रांगेनं नमस्कार करायला लावला, तर ती पूजा नव्हे का?”

सभेत काही क्षण कोणी बोलले नाही. मुख्याध्यापिका बाईंनी नंतर आमच्याशी बोलताना मान्य केले, की हा प्रश्न शिक्षकांच्या बैठकीतही दोनदा निघाला होता आणि दोन्ही वेळा पुढे ढकलला गेला.

(दृश्य : मधली सुट्टी. मुलांचे डबे उघडतात. चपाती, उसळ, लिंबाचे लोणचे.)

परंतु त्या दिवशीची खरी खडाजंगी डब्यावरून झाली. शाळेचा एक न लिहिलेला नियम आहे, की डबा शाकाहारी असावा. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मटणाच्या दुकानापुढे रांगा लागणाऱ्या शहरात, ज्याची ओळखच तांबड्या-पांढऱ्या रश्श्याने सांगितली जाते, असा नियम एका पुरोगामी शाळेत कसा रुजला, याचा शोध घेतला असता कोणीच तो केला नाही असे कळते. तो हळूहळू झाला. एका मुलाने अंड्याची पोळी आणली, शेजारच्या मुलीने डबा घेऊन जागा बदलली, तिच्या आईने ताईंना फोन केला, ताईंनी वाद नको म्हणून पहिल्या मुलाच्या आईला समजावले, आणि ‘समजावणे’ पुढच्या वर्षी नियम झाले.

येथे सभेतील बाजू अचानक फिरल्या. सरस्वतीच्या बाजूने बोलणारे फौंड्रीवाले वडील डब्याच्या बाबतीत शाळेवर उखडले: त्यांच्या घरात मटण शिजते, त्यांची आईही खाते, आणि मुलगा उकडलेले अंडे लपवून खायला शिकला आहे. उलट मघाशी प्रार्थनेला ठाम विरोध करणाऱ्या दोन-तीन पालकांनी शाकाहारी डब्याची बाजू घेतली. कोणी वासाचे कारण दिले, कोणी आरोग्याचे, कोणी ‘सगळ्यांना चालेल असे’ हे सूत्र सांगितले. एका तरुण आईने तेव्हा विचारले, की सगळ्यांना चालेल असे ठरवताना दर वेळी आम्हीच का सोडायचे. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले, तेव्हाही राज्यात असाच वाद झाला होता. तो वाद सरकारी शाळांतील मुलांच्या ताटावर होता. त्या ताटाच्या बाजूने याच सभागृहातील अनेकांनी आपापल्या समूहांवर मजकूर फिरवला होता. आपल्या मुलाच्या शेजारच्या डब्याचा विषय आला तेव्हा मात्र त्यांची भाषा मवाळ झाली.

हे दोषारोप म्हणून आम्ही सांगत नाही. मूल्ये आपल्या घराच्या उंबऱ्यावर आली की प्रत्येकाचीच भाषा थोडी बदलते, आमचीही बदलत असेल.

(दृश्य : बिंदू चौक. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे.)

पालक आणि शाळा यांच्यातील हा झगडा येथे शंभर वर्षांहून जुना आहे. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतर सर्वांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा आदेश काढला. हे करताना त्यांनी पालकांची सभा बोलावून मत विचारले नव्हते. विचारले असते तर निकाल काय लागला असता, याची कल्पना करणे अवघड नाही. त्याच महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी समाजवार वसतिगृहेही उभी केली, आणि दसरा चौकाच्या परिसरात त्यांच्या खुणा आजही आहेत. आजच्या काही पुरोगाम्यांना समाजवार वसतिगृह ही कल्पना खटकेल. पण खेड्यातून आलेल्या पोराला शहरात ताट आणि अंथरूण मिळाल्याशिवाय शाळा मिळत नाही, हे महाराजांना आधी दिसले होते.

१९२० च्या मार्चमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद झाली. डॉ. आंबेडकर अध्यक्ष होते आणि शाहू महाराज स्वतः हजर राहिले. आंबेडकर त्याआधी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारवंत जॉन ड्युई यांच्या वर्गात बसले होते. अनुभवातून शिक्षण, वर्ग म्हणजेच छोटी लोकशाही, हे ज्या विचारातून आले आणि ज्याचे शब्द आज कोल्हापुरातील शाळांच्या माहितीपत्रकांत उतरलेले दिसतात, त्याचे एक उगमस्थान ड्युई आहेत. त्यांनी १८९६ मध्ये शिकागोत प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली होती. त्याच परंपरेतील, १९१९ मध्ये हेलन पार्कहर्स्ट यांनी न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या डाल्टन शाळेत २०२० च्या अखेरीस वंशवादविरोधी शिक्षण किती असावे यावरून पालकांमध्ये फूट पडली, आणि काहींनी निनावी पत्र लिहून शाळा अभ्यासापेक्षा विचारसरणी अधिक शिकवते अशी तक्रार केली. तेथील शुल्क आणि येथील शुल्क यांची तुलनाच नको. निनावी पत्राची सवय मात्र ओळखीची वाटते.

कोल्हापुरातील पालकांची निनावी पत्रे व्हॉट्सअ‍ॅपवर असतात. समाजमाध्यमांवरील काही मजकुरावरून ७ जून २०२३ रोजी शहरात दगडफेक आणि लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले, त्यानंतर सुमारे आठवडाभराने शाळा सुरू झाल्या. या शाळेतील ताईंनी पाचवीच्या वर्गात मुलांना काय पाहिले, काय ऐकले ते बोलू दिले. तास पाऊणएक तासाचा होता. त्यावरील संदेश पालकांच्या समूहात रात्री दीडपर्यंत चालू होते, आणि त्यातील एकही पालक दुसऱ्या दिवशी ताईंना भेटायला आला नाही. ताईंनी पुढे असा तास घेतला नाही. त्यांना कोणी मनाई केली नव्हती.

(दृश्य : सभागृहाची मागची रांग.)

सभेत मागच्या रांगेत बसलेले काही पालक पूर्ण वेळ गप्प होते. शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत वंचित आणि दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या २५ टक्के राखीव जागांवर त्यांची मुले येथे शिकतात, आणि शाळेत सर्वजण त्यांना ‘आरटीईचे पालक’ म्हणतात. आडनाव न पुकारणाऱ्या शाळेने हे नवे आडनाव कसे स्वीकारले, हा प्रश्न आयत्या वेळच्या विषयांत आला नाही. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना या २५ टक्क्यांतून सूट दिली, आणि त्याच वर्षी १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मधल्या पाच महिन्यांत राज्यभरातील गरीब पालक हवालदिल होते. त्या पाच महिन्यांतील या शाळेच्या पालक समूहातील संदेश एका पालकाने आम्हाला स्वतःच्या मोबाइलवर उघडून दाखवले. सहलीचे, गणवेशाचे, उन्हाळी शिबिराचे संदेश होते, आणि एक लांबलचक वाद शिवजयंतीच्या तिथी-तारखेचा होता. या नियमाबद्दल एकही ओळ नव्हती.

शाहूंच्या शाळेत शुल्क नव्हते. सरस्वती की सावित्रीबाई, या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे पालक तावातावाने बोलतात, आणि दोन्ही बाजू ज्या दारातून आत आल्या त्या दाराची किंमत हेही एक मूल्य आहे, असे त्यांच्यापैकी कोणी म्हणत नाही. पुरोगामी खासगी शाळा या शब्दांतील ‘खासगी’वर सभा झाली तर ती किती वेळ चालेल, हे पाहायला आम्हाला आवडले असते.

(दृश्य : दुपारचे पावणेदोन. खुर्च्या उचलल्या जातात.)

सभा संपता संपता मागच्या रांगेतील एक आई उठल्या. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात त्या पॅकिंगचे काम करतात. त्यांनी सरस्वतीबद्दल किंवा डब्याबद्दल काही म्हटले नाही. त्या म्हणाल्या, “बाई, आमच्या कारखान्याला सोमवारी सुट्टी असते. आज माझा खाडा झाला. पुढची सभा सोमवारी संध्याकाळी ठेवता येईल का?”

मुख्याध्यापिका बाईंनी सभेला विचारले. सोमवारी बऱ्याच जणांना जमणार नव्हते. पुढच्या सभेची तारीख फळ्यावर लिहिली गेली, तो शनिवार होता.