कॉमन मॅनच्या पाठीमागे बसून

[दृश्य: सेनापती बापट रस्ता, सकाळ. सिंबायोसिसच्या आवारातला पुतळा.]

चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, टकलाच्या कडेनं उरलेले पांढरे केस. ह्या गृहस्थांची ओळख करून द्यायला नको. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन पुण्यात असा भर वर्दळीच्या रस्त्यालगत उभा आहे.

पण ह्या मुलीकडे बघा. चित्रकलेच्या पदविकेचं तिचं शेवटचं वर्ष. पुतळ्यासमोर एवढी जागा मोकळी असताना ती मागे जाऊन बसली आहे आणि वहीत कोटाची पाठ उतरवते आहे. असं का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "सर, ह्यांचा चेहरा सगळ्यांनीच काढलाय. हे काय बघतायत ते मला बघायचंय."

मी तिला रेखाटन शिकवतो. दरवर्षी नवी मुलं आली की एक प्रश्न हमखास येतो. आमच्या घरी पेपर येत नाही, आम्ही चित्रं फोनवर काढतो, फोनवरच बघतो. मग वर्तमानपत्रातल्या जुन्या व्यंगचित्रकारांना आम्ही गुरू का मानायचं? त्या प्रश्नाला वर्गात पाच मिनिटांत उत्तर देऊन मोकळं होणं मला कधी जमलं नाही. म्हणून हा माहितीपट.

[दृश्य: दोनशे पानी वही. पिवळी पडलेली कात्रणं.]

ही माझी वही, नववीतली. शेजारच्या काकांकडे इंग्रजी पेपर यायचा. तो रद्दीत जायच्या आत मागून आणायचा, लक्ष्मणांचं चित्र कापायचं, खळीनं चिकटवायचं. मग खिडकीच्या काचेवर कागद धरून तेच गिरवायचं. छत्रीच्या काड्या, मंत्र्यांची पोटं, खुर्च्यांचे पाय. चार-पाच वर्षांत हात असा बसला की मित्र म्हणायचे, हुबेहूब!

पुढे दहा चित्रं घेऊन एका दैनिकाच्या कचेरीत गेलो. संपादकांनी दहाही नीट पाहिली. म्हणाले, "हात चांगला आहे. पण हे सगळं लक्ष्मणांचं झालं. तुमचं कुठलं?"

माझ्याकडे दाखवायला अकरावं चित्र नव्हतं. लकडी पुलावरून घरी चालत आलो. खूप लागलं होतं मनाला.

मी नेमकं काय गिरवत होतो, हे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि तेही छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका कारागिराकडून. पूर्वी चित्र छापील आकारापेक्षा मोठं काढायचे. कॅमेऱ्यानं ते लहान करून जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, आणि रेषा सोडून बाकीचा पत्रा अ‍ॅसिडनं खाऊ द्यायचा. उंच राहिलेल्या रेषांना शाई लागायची. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. दोन रेषा जवळ आल्या की मध्ये शाई भरून गोळा व्हायचा, फार बारीक रेष असली तर तुटायची. त्या काळच्या चित्रातला ठसठशीत काळा भाग, ब्रशची जाड रेष, मोकळी सोडलेली पार्श्वभूमी, ह्यात चित्रकाराची आवड होतीच; पण जस्ताची आणि कागदाची अडचणही होती. मी खिडकीच्या काचेवर त्या अडचणीसकट सगळं गिरवत बसलो होतो.

हे मुलांना सांगितलं की त्यांचे चेहरे खुलतात. आणि मग एक मुलगा फोन पुढे करतो: "सर, इथेही तेच. एवढ्याशा पडद्यावर बारीक काम दिसतच नाही." खरं आहे. अडचण प्रत्येकाची वेगळी, पण असतेच. म्हणून जुन्या चित्रकारांनी त्यांच्या अडचणीवर काढलेलं उत्तर जसंच्या तसं उचलू नये. पण उत्तरापर्यंत ते कसे पोचले, हे बारकाईनं बघावं.

[दृश्य: बालेवाडी. लक्ष्मण यांच्या चित्रांचं कलादालन.]

२०२२ साली बालेवाडीत लक्ष्मणांच्या चित्रांचं हे दालन सुरू झालं. शेवटची वर्षं ते पुण्यातच राहत होते. २६ जानेवारी २०१५ ला इथेच गेले.

म्हैसूरच्या शाळेत ह्या मुलानं पिंपळाचं पान काढलं आणि मास्तरांनी शाबासकी दिली, तिथून सुरुवात. घरी येणाऱ्या इंग्रजी मासिकांतली चित्रं तो वाचता येत नव्हतं तेव्हापासून बघत होता. ब्रिटनमधले व्यंगचित्रकार डेव्हिड लो (Low) हे त्याचं दैवत, पण सही नीट लागत नसल्यामुळे बरेच दिवस तो त्यांना 'काऊ' (Cow) समजत होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टनं प्रवेश नाकारला. आणि तरी हात थांबला नाही. अंगणातली झाडं, भांडणारी माणसं, कावळे. कावळ्यांवर तर त्यांचं प्रेम आयुष्यभर राहिलं. एरवी ज्याच्याकडे आपण ढुंकूनही बघत नाही त्या पक्ष्याची मान, त्याची तिरकी नजर त्यांनी किती वेळा काढली असेल!

कॉमन मॅनची गोष्ट मला त्याहून शिकण्यासारखी वाटते. सुरुवातीला लक्ष्मण गर्दी काढायचे. बंगाली, तमिळ, पंजाबी, गुजराती, सगळ्यांचा देश दिसावा म्हणून. पण चित्र रोज वेळेत द्यायचं म्हटल्यावर एवढी माणसं काढणार कधी? एकेक करून ती गळत गेली आणि शेवटी एकटा कोटवाला उरला. तो कधी बोलला नाही. १९५१ पासून पुढची पन्नासहून जास्त वर्षं तो फक्त तिथे होता.

एवढी वर्षं, रोज. सुचलं तर काढू, ही सोय नाही. आमच्या पुण्यात 'चिंटू' असाच रोज यायचा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी १९९१ मध्ये तो 'सकाळ'मध्ये आणला, आणि घरोघरी मुलं आई-बाबांच्या आधी पेपर ओढायला लागली. तीन-चार चौकटींत एक गंमत, उद्या दुसरी. कधी एखादी फिकी जायची. पण दुसऱ्या दिवशी चिंटू हजर! प्रतिभा वगैरे पुढचं पुढे, आधी हे हजर राहणं शिकावं असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: नळस्टॉप चौक, दिवाळीच्या आधीची संध्याकाळ. हॉर्न.]

ह्या चौकात मंगेश तेंडुलकर उभे राहायचे. वर्षानुवर्षं, दिवाळीत. सिग्नलला थांबलेल्या दुचाकीवाल्याच्या हातात स्वतः काढलेलं भेटकार्ड द्यायचे. त्यावर वाहतुकीचे नियम पाळा, जीव सांभाळा, असं सांगणारं चित्र. कोणी हसून घ्यायचं, कोणी न बघता खिशात कोंबायचं. व्यंगचित्र छापून येईल, कोणीतरी बघेल, एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्याला सांगायचं त्याच्यापर्यंत पायी गेले. २०१७ मध्ये ते गेले. हा चौक ओलांडताना मला अजून त्यांची आठवण येते.

आणि शि. द. फडणीस. ते दैनिकातले नव्हेत, मासिकांच्या मुखपृष्ठांचे. पण पुण्यात रेषेबद्दल बोलताना त्यांना वगळून चालणारच नाही. १९५२ च्या 'मोहिनी'च्या मुखपृष्ठावर एक तरुणी आणि एक तरुण; तिच्या साडीवर उंदीर आणि त्याच्या शर्टावर मांजरं. शब्द एकही नाही. शाळेच्या गणिताच्या पुस्तकातही त्यांची चित्रं होती, आणि माझ्यासारख्या अनेकांना गणिताची भीती त्या पानांपुरती तरी वाटली नाही. त्यांच्या चित्रात कोणाला हिणवलेलं मला आढळलं नाही.

हिणवण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं.

[दृश्य: जुन्या दिवाळी अंकांची पानं उलटताना.]

लाटणं घेऊन उभी असलेली जाडजूड बायको. दाराआड लपलेला काटकुळा नवरा. मालकाच्या नजरेत भरलेली मोलकरीण. वर्षामागून वर्षं, अंकामागून अंक. वर्गात ही पानं फिरवली तेव्हा मुली हसल्या नाहीत. मी लहानपणी ह्याच चित्रांवर हसलो आहे, आणि आज ती बघताना मला वाईट वाटतं.

बाळासाहेब ठाकरे यांचा जन्म पुण्यातला, १९२६ चा. 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये ते आणि लक्ष्मण काही काळ सहकारी होते. नाक, हनुवटी, उभं राहण्याची ढब दोन फटकाऱ्यांत पकडावी तर त्यांनीच. अर्कचित्र शिकवताना मी त्यांची चित्रं आवर्जून दाखवतो. १९६० मध्ये त्यांनी 'मार्मिक' काढलं. मुंबईतल्या कचेऱ्यांमधल्या दाक्षिणात्य नावांच्या याद्याही त्याच साप्ताहिकात छापल्या गेल्या, हे मी त्याच तासाला सांगतो. त्यांचे जुने सहकारी लक्ष्मण म्हैसूरचे होते.

आणि एक चित्र व्यंगचित्रकार शंकर यांचं. साल १९४९. राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसले आहेत, हातात चाबूक. मागे पंडित नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. बघायला गर्दी. पुढे हे चित्र अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात घेतलं गेलं आणि २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पुणे विद्यापीठातल्या पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. ती तोडफोड चूकच होती. मतभेदाला उत्तर मतानं द्यावं, खुर्च्या मोडून नाही.

पण त्या चित्राबद्दल माझा एक विद्यार्थी वर्गात उभा राहून जे बोलला, ते मी विसरलेलो नाही. तो म्हणाला, "सर, तुम्हाला आधी गोगलगाय दिसते. मला आधी बाबासाहेबांच्या पाठीमागे उगारलेला चाबूक दिसतो."

वर्गात कोणी काही बोललं नाही. मी फळ्यावर लावलेल्या त्या चित्राकडे पुन्हा बघितलं. शंकर यांच्या मनात चाबूक गोगलगायीसाठी असेल. संथ कामकाजावर टीका, एवढंच असेल. पण पाठ कोणाची आहे, हे ओळखायला त्या वेळच्या संपादकीय टेबलाभोवती असा मुलगा बसलेला नव्हता.

म्हणून माझं उत्तर असं आहे. ह्या माणसांकडून मेहनत घ्यावी, बघण्याची सवय घ्यावी, काय गाळायचं ते शिकावं. त्यांची रेष घेऊ नये. माझी ती दहा चित्रं आठवावीत. आणि ते कोणाला हसले, हे तर प्रत्येकानं स्वतः तपासून घ्यावं, कितीही मोठं नाव असलं तरी. गुरूच्या पायाशी बसायचं ते डोळे उघडे ठेवून.

[दृश्य: कोथरूडमधली गल्ली. सकाळी नऊ.]

आता परत आपल्या त्या मुलीकडे. पुतळ्याच्या मागे बसून तिला काय दिसलं, ते तिनं आठवडाभरानं दाखवलं. तिच्या चित्रात कॉमन मॅन नव्हता. त्याच्या जागी एक कचरावेचक बाई होती. पाठीवर गोणी, नजर सरळ समोर, तोंड मिटलेलं. सोसायटीच्या सभेत, नगरसेवकाच्या भाषणात, पावसात तुंबलेल्या रस्त्यावर, प्रत्येक चित्रात ही बाई कुठेतरी कडेला उभी. एकाही चौकटीत बोलत नाही.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे. ह्या बाया शहरातल्या घराघराचा ओला-सुका कचरा हातानं वेगळा करतात. कोण काय खातं, कोण काय फेकतं, कोणाच्या घरात काय चाललंय, त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? "कॉमन मॅनपेक्षा ह्यांना जास्त दिसतं, सर," ती म्हणाली.

मी म्हटलं, चित्र त्यांना दाखवलंस का? नव्हतं दाखवलं. म्हणून आज आम्ही इथे आलो आहोत.

[दृश्य: फाटकापाशी कचरावेचक मावशी हातमोजे काढून वही हातात घेतात. कॅमेरा वहीवर.]

मावशी पान जवळ धरून बराच वेळ बघतात. हसतात. मग बोट ठेवून सांगतात, "गोणी ह्या खांद्यावर नको घेऊस. ह्या हातात आकडा असतो ना माझ्या. मग उचलू कशानं?"

मुलगी तिथेच, फाटकाच्या कठड्यावर वही टेकवते, खोडरबर काढते आणि गोणी पुसायला लागते. मावशी आकडा उजव्या हातात घेऊन तिच्यासमोर उभ्या राहतात.

"आता काढ," म्हणतात.