अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये आयईपी कसा मागायचा: पहिल्या ईमेलपासून सहीपर्यंत

नमस्कार. मूल दुसरी-तिसरीत आहे, बोलायला चुणचुणीत आहे, पण वाचायला बसलं की दर ओळीला अडखळतं. टीचर म्हणतात, "थोडं थांबून बघूया." तुम्ही मान डोलावता आणि वर्ष निघून जातं. बोलणं झालेलं असतं, पण अर्ज झालेला नसतो. शाळेच्या दृष्टीने तुम्ही अजून काही मागितलेलंच नाही.

आजचा व्हिडिओ त्या अर्जाबद्दल आणि त्यानंतर काय होतं त्याबद्दल. शेवटी हातात यायला हवा तो आयईपी, म्हणजे इंडिव्हिज्युअलाइज्ड एज्युकेशन प्रोग्रॅम: तुमच्या मुलाला शाळा कोणती खास मदत देणार त्याचा लेखी आराखडा.

यामागच्या कायद्याचं नाव आयडिया, म्हणजे इंडिव्हिज्युअल्स विथ डिसॅबिलिटीज एज्युकेशन ॲक्ट. मूळ कायदा 1975चा, सध्याचं रूप 2004चं. वय 3 ते 21. तपासणी फुकट, मदतही फुकट. तुम्ही एच-फोर व्हिसावर आहात की ग्रीन कार्डच्या रांगेत, यावर काही अवलंबून नाही.

(स्क्रीनवर: ईमेलचा नमुना)

ईमेल प्रिन्सिपलना पाठवा आणि स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे तुमच्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या, स्पेशल एज्युकेशन विभागाला कॉपी करा. मुलाचं नाव, इयत्ता, तारीख आणि एक वाक्य जसंच्या तसं: "आय ॲम रिक्वेस्टिंग अ फुल इव्हॅल्युएशन फॉर स्पेशल एज्युकेशन." आपल्याकडे जमलं तर बघा, असं भिडस्तपणे लिहायची सवय असते. इथे ती आड येते, कारण तशा मजकुराला शाळा चौकशी समजून उत्तर देऊ शकते.

त्या वाक्याखाली, तुम्हाला घरी जे दिसतं ते लिहा. "अभ्यासात मागे आहे" याचा उपयोग नाही. "वरच्या ओळीत वाचलेला शब्द खालच्या ओळीत ओळखत नाही," "वीस मिनिटांच्या गृहपाठाला दीड तास लागतो," हे उपयोगाचं. घरी रोज बसून अभ्यास घेता म्हणून बी ग्रेड येतेय, तर तेही लिहा. नाहीतर तुमचे कष्ट शाळेला मुलाची प्रगती म्हणून दिसतात. आणि "पास होतोय ना" एवढ्यावर नकार देता येत नाही. मूल वरच्या वर्गात जात असलं तरी ते पात्र ठरू शकतं, असं नियमांत स्पष्ट आहे.

आता शाळा दोनपैकी एक करते: संमतीचा फॉर्म देते, किंवा कारणांसह लेखी नकार. या लेखी उत्तराला प्रायर रिटन नोटीस म्हणतात. तिसरं उत्तर हमखास कानावर येतं: "आधी काही आठवडे इंटरव्हेन्शन देऊन बघू," म्हणजे वर्गातच थोडी जादा मदत. घ्या ना, जरूर घ्या. पण त्यासाठी तपासणी लांबवता येत नाही. फेडरल शिक्षण खात्याने 2011 मध्ये राज्यांना हे लेखी कळवलं आहे. दोन्ही एका वेळी चालू शकतं.

मुदतीबद्दल बराच गैरसमज आहे. फेडरल नियमाने तपासणीला 60 दिवस मिळतात, पण ते तुमच्या ईमेलपासून मोजत नाहीत, सही केलेली संमती शाळेच्या हातात पडल्यापासून मोजतात. राज्याने वेगळी मुदत ठरवली असेल तर ती लागू होते. टेक्सासमध्ये संमतीनंतर 45 शाळेचे दिवस. कॅलिफोर्नियात ईमेलनंतर साधारण 15 दिवसांत तपासणीचा आराखडा यायला हवा, सहीनंतर 60 दिवस, आणि मोठ्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत. म्हणजे एप्रिलच्या शेवटी जागे झालात तर काम थेट पुढच्या शालेय वर्षात जाऊ शकतं.

सही करण्याआधी फॉर्मवर काय काय तपासणार ते वाचा. वाचनाची तक्रार असेल तर ध्वनींची जाण, वाचनाचा वेग, स्पेलिंग आणि लिखाण हवंच. नसेल तर लिहून मागा.

घरची भाषा मराठी आहे म्हटल्यावर "इंग्रजी कच्चं असेल" हा मुद्दा निघतो. अडचणीचं मुख्य कारण भाषा नाही ना, हे तपासणी करणाऱ्या शाळेच्या टीमने बघायलाच हवं. पण तपासणी पुढे ढकलायला ते कारण चालत नाही. आणि या नादात घरी मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातली मुळातली अडचण, होत नाही.

तपासणी झाली की तिचा रिपोर्ट, शाळेबरोबरच्या मीटिंगच्या आधीच मागून घ्या. यातल्या बहुतेक चाचण्यांत सरासरी 100 असते, 85 ते 115 हा साधारण पट्टा. 85 म्हणजे सोळावा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली साधारण सोळा मुलं याच्या खाली. सोळा टक्के मार्क नव्हेत! एकूण आकड्यावर थांबू नका. तोंडी तर्कात 120 आणि वाचनाच्या वेगात 80 असलेलं मूल सरासरीत "नॉर्मल" दिसतं. अडचण कुठे आहे ते त्या दोन आकड्यांमधल्या दरीतून कळतं.

मूल पात्र ठरलं की 30 दिवसांत आयईपी मीटिंग. दुभाषा लागला तर फुकट मिळतो, आधी कळवा. टेबलावर बसल्या बसल्या सही करायची सक्ती नाही. कागद घरी नेऊन वाचा.

(स्क्रीनवर: दोन उद्दिष्टं शेजारी शेजारी)

"वाचन सुधारेल" हे उद्दिष्ट नाही. "दुसरीच्या पातळीचा न पाहिलेला उतारा मिनिटाला 90 शब्दांच्या वेगाने, 95 टक्के अचूक, सलग तीनदा" हे उद्दिष्ट, कारण वर्षाअखेरीस ते झालं की नाही ते मोजता येतं. मदतीचंही तसंच: आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, कुठे, हे कागदावर हवं. शिकवणार कोण आणि गटात मुलं किती, हेही लिहून मागा. "गरजेनुसार" हा शब्द दिसला की तिथेच थांबा, कारण गरज कोण ठरवणार ते कुणीच लिहिलेलं नसतं.

बऱ्याचदा आयईपीऐवजी 504 प्लॅन पुढे केला जातो. हा 1973च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टमधून येतो. जास्त वेळ, पुढची जागा, ऑडिओबुक अशा सवलती त्यात मिळतात. एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकवण्याची अडचण, असलेल्या काही मुलांना तेवढं पुरतं. पण ज्याला वाचताच येत नाही त्याला दीड पट वेळ देऊन काय होणार? त्याला वेगळ्या पद्धतीने शिकवायला हवं, आणि त्यासाठी आयईपी मागा.

तपासणीच पटली नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून डिस्ट्रिक्टच्या खर्चाने तपासणी मागता येते. शब्द लक्षात ठेवा: इंडिपेंडंट एज्युकेशनल इव्हॅल्युएशन. मग डिस्ट्रिक्टने एकतर खर्च द्यायचा, नाहीतर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करायचं. नियम मोडला गेला असेल तर एका वर्षाच्या आत राज्याकडे तक्रार करता येते. वकिलाकडे धावण्याआधी तुमच्या राज्यातलं पेरेंट ट्रेनिंग अँड इन्फर्मेशन सेंटर शोधा. प्रत्येक राज्यात निदान एक असतं आणि सल्ला फुकट मिळतो.

नोकरीमुळे राज्य बदललं तर आयईपी संपत नाही. नवी तपासणी किंवा नवा आयईपी होईपर्यंत नव्या डिस्ट्रिक्टने तशाच स्वरूपाची मदत द्यायची असते. फक्त जुन्या शाळेकडून रेकॉर्ड जाईल या भरवशावर राहू नका. आयईपी आणि पूर्ण रिपोर्ट पीडीएफमध्ये स्वतःजवळ ठेवा आणि नाव घालायला जाल त्याच दिवशी द्या.