चक्कर, सलाईन आणि कान

[दृश्य: कापसाचं वावर, सकाळ. ओटी बांधलेल्या बाया तासानं वेचत पुढे सरकतायत.]

कापूस वेचताना मान सारखी खाली-वर होते. खालच्या फांदीवरचं बोंड वेचायला वाकायचं, ओटीत टाकायचं, उठायचं, पुढच्या पऱ्हाटीला परत वाकायचं. त्यातच एखादी बाई मधेच थांबते, डोळे मिटून खाली बसते. बाजूच्या म्हणतात, अशक्तपणा असंल. संध्याकाळी दवाखान्यात सलाईन लागते आणि बरंही वाटतं. वाटणारच, बाटली संपेपर्यंत मान हलवायची वेळच येत नाही.

चक्कर दर वेळी कानाचीच असते असं नाही. रक्त कमी असणं, बीपी, उपाशीपोटी ऊन ही कारणं आहेतच. पण उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं वेगळं आणि घर गरगर फिरणं वेगळं. कूस बदलली, वर पाहिलं, वाकलं की घर फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, असं कुणी सांगितलं तर बाटलीच्या आधी कान तपासायचा.

[दृश्य: कानाचं प्लास्टिकचं मॉडेल. एकेक भाग सुटा होतो.]

मॉडेल मुद्दाम मोठं केलेलं आहे. खरा आतला कान करंगळीच्या पेराएवढ्या जागेत मावतो आणि कवटीच्या अतिशय कठीण हाडात बसलेला असतो. जन्माच्या वेळीच तो जवळपास पूर्ण आकाराचा असतो.

कानाच्या पडद्यामागे तीन हाडं. शेवटचं, रिकिबीच्या आकाराचं, साधारण ३ मिलिमीटरचं. शरीरात याहून लहान हाड नाही. आतल्या कानात द्रव आहे, आणि हवेतला आवाज सरळ द्रवावर आदळला तर बहुतेक परत फिरतो. म्हणून मोठ्या पडद्यावरचा दाब या इवल्या हाडाच्या टोकावर एकवटतो आणि वीसेक पट वाढून आत जातो.

आत शंखाच्या वळणाचा कॉक्लिया, अडीच वेढ्यांचा. उलगडला तर साडेतीन सेंटीमीटर. त्यात लांबीभर एक पडदा ताणलेला असतो: सुरुवातीला अरुंद आणि ताठ, टोकाला रुंद आणि सैल. बारीक, उंच आवाज सुरुवातीलाच थरथर उठवतात, ढोलासारखे जाड आवाज टोकापर्यंत जातात. थरथर कुठे झाली त्यावरून मेंदू आवाज ओळखतो. हे काम उलगडणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशींना १९६१चं नोबेल मिळालं. पडद्यावर केसपेशींच्या, म्हणजे टोकाला केसासारखे तंतू असलेल्या पेशींच्या रांगा, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास. मेंदूकडे आवाज पाठवण्याचं खरं काम त्यातल्या साडेतीन हजारांचं. बाकीच्या हळू आवाजाला जोर देतात. माणसात ही पेशी एकदा मेली की परत येत नाही.

[दृश्य: अंगणात पाण्यानं भरलेला गुंड. पाण्यावर चिमूटभर कोंडा. दोन हात गुंड झटकन फिरवतात.]

आता तोलाची बाजू. गुंड फिरला, पण कोंडा जागच्या जागी आहे. पाणी मागे राहिलं. थोडा वेळ फिरवत ठेवून एकदम थांबवला तर पाणी फिरतच राहील. आतल्या कानात द्रवानं भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत, एकमेकींशी जवळपास काटकोनात. डोकं वळलं की नळी वळते, द्रव मागे राहतो आणि नळीच्या फुगीर भागातला जेलीसारखा पडदा वाकतो. पडद्याखालच्या केसपेशी मेंदूला कळवतात: डोकं अमुक बाजूला वळलं. त्याच क्षणी डोळे उलट बाजूला सरकतात. चालत्या बैलगाडीतून समोरचा माणूस स्थिर दिसतो तो यामुळे.

नळ्यांच्या बुडाशी दोन लहान पिशव्या. त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे, जेलीवर चिकटलेले. मान कलली की खड्यांचं वजन सरकतं आणि वर-खाली कुठे ते कळतं. वय वाढलं, डोक्याला मार लागला, कधी काहीच कारण नसताना, हे खडे सुटतात आणि एखाद्या नळीत उतरतात. बहुतेक वेळा मागच्या, कारण तीच सर्वात खाली असते. मग मान हलवली की खडे घरंगळतात आणि द्रव ओढतात. डोकं थांबलेलं असतं, पण कान सांगतो की फिरतंय. खडे तळाला बसले की चक्कर थांबते. मिनिटाच्या आत थांबते ती म्हणून.

[दृश्य: रुग्णालयाची खोली. लोखंडी खाट, त्यावर पन्नाशीच्या बाई. डॉक्टर मागे उभे.]

आधी कान कोणता ते ठरवायचं. बाई खाटेवर पाय लांब करून बसतात. डॉक्टर मान उजवीकडे ४५ अंश वळवतात आणि त्यांना झटकन मागे निजवतात, डोकं खाटेच्या कडेखाली वीस-तीस अंश लोंबतं.

[दृश्य: डोळे, अगदी जवळून.]

पहिले काही सेकंद काहीच नाही. मग बुबुळं वर आणि जमिनीकडच्या कानाच्या दिशेनं झटके देत फिरू लागतात.

“डॉक्टर, आता फिरून राह्यलं, सारंच फिरून राह्यलं!”
“फिरू द्या, मावशी. डोळे मिटू नका. आपोआप थांबते.”

डोळे मिटले तर निदानच हातचं जातं. उजव्या बाजूला निजवल्यावर हे दिसलं, म्हणजे खडे उजव्या कानात.

आता उपचार, अमेरिकी कानतज्ज्ञ जॉन एप्ली यांनी बसवलेली पद्धत. याच स्थितीत डोळे थांबेपर्यंत आणि वर अर्धा मिनिट थांबायचं. मग डोकं तसंच लोंबतं ठेवून डावीकडे ९० अंश वळवायचं, अर्धा मिनिट. मग बाई डाव्या कुशीवर, डोकं आणखी ९० अंश, नाक जमिनीकडे. परत अर्धा मिनिट. शेवटी पाय खाटेखाली सोडून, हनुवटी छातीकडे ठेवून उठवायचं. प्रत्येक वळणाला खडे नळीतून थोडे पुढे सरकतात आणि शेवटी पिशवीत परत पडतात.

चुकतं कुठे? कान चुकीचा धरला जातो. डोक्याखाली उशी असते, त्यामुळे मान मागे जातच नाही. वळवताना डोकं मधेच उचललं जातं आणि खडे मागे येतात. सर्वात जास्त म्हणजे घाई. चारही स्थिती मिळून चार-पाच मिनिटं लागतात, तेवढी द्यायची. उठवल्यावर पुन्हा भोवळ येऊ शकते, म्हणून खांदे धरून ठेवायचे. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर ही पद्धत तज्ज्ञाच्याच हातून. बहुतेकांना एक-दोन वेळांत उतार पडतो. चक्करीच्या गोळ्या मळमळ दाबतात, खडे हलवत नाहीत; महिनोन्‌महिने घेतल्या तर तोल सावरायला मेंदूलाच उशीर लागतो.

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एकाचे दोन दिसणं, उभंच न राहता येणं: असं चक्करीसोबत असेल तर खाट-बीट नाही, गाडी करून थेट मोठं रुग्णालय.

[दृश्य: जिनिंग. रेचे सुरू, हवेत रुईचे कण. कामगाराच्या कानात कापसाचा बोळा.]

आता ऐकण्याची बाजू. रेच्यांजवळ, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांजवळ, आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. आठ तासांसाठी ८५ ही सुरक्षित मर्यादा धरतात आणि पुढच्या दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. कापसाचा बोळा धूळ अडवतो, आवाज फारसा नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवून फुगेपर्यंत बोटानं धरायचा. अर्धा बाहेर दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. आवाजानं आधी ४,००० हर्ट्‌झच्या आसपासचं, म्हणजे बारीक-उंच आवाजांचं ऐकणं जातं, त्यामुळे माणूस म्हणतो, आवाज येते पण शब्द समजत नाही.

[दृश्य: प्रसूती कक्ष. झोपलेलं बाळ, कानात मऊ टोक.]

ही नवजात बाळाच्या ऐकण्याची चाचणी. यंत्र बारीक टिकटिक सोडतं. कॉक्लियातल्या बाहेरच्या रांगांच्या पेशी धडधाकट असतील तर कानातून उलट प्रतिध्वनी येतो; १९७८ मध्ये डेव्हिड केम्प यांनी तो पहिल्यांदा नोंदवला. बाळ रडलं, पंखा घरघरला किंवा पहिल्या दिवशीचा चिकट थर कानात असला तर चाचणी फसते. म्हणून ‘परत करा’ असा निकाल म्हणजे बहिरेपण नव्हे, पण परत करायचीच. पहिली महिन्याच्या आत, पक्कं निदान तीन महिन्यांत, उपचार सहा महिन्यांत.

नेमकी दुसरी चाचणी हुकते. बाळंतपण माहेरी होतं, सव्वा महिन्यानं बाई सासरी दुसऱ्या तालुक्यात जाते आणि कार्ड आईच्या पेटीत राहतं. कार्डावर सासरचं गाव आणि तिथल्या आशाताईचा मोबाईल नंबर सुट्टी देतानाच लिहून घ्या.