चांदोरी रुपया आणि नावाला लागलेला बट्टा

हा आवाज ऐका. चांदीचा रुपया दगडी फरशीवर पडला की असा वाजतो. जुने सराफ आधी कान लावत, मग डोळे.

आज बऱ्हाणपूर आणि असीरगड मध्य प्रदेशात आहेत, पण खानदेशची जुनी राजधानी बऱ्हाणपूरच. जानेवारी १६०१ मध्ये अकबरानं खानदेशच्या फारुकी सुलतानांकडून असीरगड घेतला आणि त्या विजयाची सोन्याची मोहर पाडली. एका बाजूला ससाणा, दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं नाव, असीर. अकबराच्या नाण्यांवर बहुधा अक्षरंच असतात. त्यांत हा पक्षी दिसला की नजर तिथून हलत नाही. पुढे बऱ्हाणपूरच्या टांकसाळीतून जहांगीर, शहाजहान, औरंगजेब यांचे रुपये पडत राहिले.

तेव्हा यंत्र नव्हतं. चांदी वितळवायची, कांबी ओतायच्या, तुकडे कापायचे, वजन जास्त भरलं तर कातरायचं. खालचा ठसा पक्का रोवलेला, वरचा कारागिराच्या मुठीत, मधे चकती आणि वरून घणाचा घाव. ठसा चकतीपेक्षा मोठा, म्हणून अक्षरं अर्धीच उमटत. जुन्या रुपयावर गावाचं नाव कडेला तुटलेलं दिसतं ते यामुळे.

खानदेशच्या वेशीवरचं चांदवड, म्हणजे तेव्हाचं चांदोर, होळकरांचं. तिथल्या चांदोरी रुपयावर फारसीत ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असं लिहिलेलं आणि नाव मात्र बादशहा शाह आलमचं. सत्ता मराठ्यांची, छाप दिल्लीची, कारण बाजार ओळखीच्या छापावर विश्वास ठेवी.

तरी प्रत्येक टांकसाळीच्या रुपयाचा कस आणि वजन वेगळं. बाजारात आलेला रुपया परगावचा किंवा झिजलेला निघाला, की सराफ त्यावर बट्टा कापी, म्हणजे त्याची किंमत कमी धरी. पारखलेल्या नाण्यावर बारीक ठशानं खूण करी. आपण म्हणतो ना, नावाला बट्टा लागला? किंवा नाणावलेला माणूस? ही बोली या पारखीतूनच आलेली.

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं तोळाभर वजनाचा एकच रुपया ठरवला. त्याचे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. दोन आण्यांची चवली, चारची पावली, आठची अधेली. महायुद्धात धातूची टंचाई झाली आणि १९४३ पासून भोकाचा पैसा आला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पावलीचे बरोबर पंचवीस, पण एका आण्याचे सव्वासहा! तो पाव पैसा द्यायचा कुठून?

सातपुड्यात पावरा आदिवासी बायकांच्या गळ्यात राणीछाप रुपयांचे हार आजही दिसतात. संग्राहक अशा नाण्याला कमी किंमत देतात, कडी डागलेली म्हणून. मला मात्र तोच रुपया जास्त मोलाचा वाटतो, होळीला ढोलाच्या तालावर रात्रभर नाचून आलेला.